बेचाळीस कागदांची कॉपी

मार्क नाहीत, नाव लिहायचं नाही, तरी आमच्या वर्गाने कॉपी केलीच! सवय म्हणजे सवय. एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्याबद्दल आम्हाला किती कळतं ते बघायला आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक बाई आल्या होत्या. वीस प्रश्न, खुणा करायच्या, संपलं. पण दरवर्षी पहिला नंबर काढणाऱ्या मुलाला आम्ही 'गाईड' म्हणतो, आणि गाईडचा कागद मागच्या बाकापर्यंत फिरून आला.

बाईंनी तिथेच गठ्ठा चाळला आणि त्यांना हसू आवरेना. "त्रेचाळीस कागद, त्यातले बेचाळीस जुळे! डास चावून एचआयव्ही होतो म्हणे. अरे, चुका तरी आपापल्या करा!"

मग त्या नवव्या प्रश्नावर आल्या. आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होतोच का? बेचाळीस खुणा 'हो'वर. 'नाही' म्हणणारा एकच.

"हा दीडशहाणा कोण?" कोणीतरी ओरडलं आणि वर्गात हशा पिकला. मी मान खाली घातली. तो कागद माझा होता.

माझ्या ताईला एचआयव्ही आहे. ती रोज न चुकता गोळी घेते. तिची मुलगी दीड वर्षाची झाली आणि शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट आज मिळणार होता. 'नाही'वर खूण केली खरी, पण आमच्या बाळाचं काय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. ताईचा मेसेज. "निगेटिव्ह!!! पोरगी ठणठणीत! सांग गं सगळ्यांना, माझं नाव घेऊन सांग. आता कोणाच्या बापाला भीत नाही मी!"

मी कधी उठले ते कळलंच नाही. गुडघा बाकावर आपटला. "तो कागद माझा! माझी ताई पॉझिटिव्ह आहे आणि तिची मुलगी निगेटिव्ह! आत्ता कळलं, आत्ता!" मी हसत होते की रडत, देव जाणे.

बाई म्हणाल्या, "वेळेवर औषधं घेतली तर बहुतेक बाळं अशीच सुखरूप राहतात." आनंदाने मला उडावंसं वाटत होतं. पण उद्या माझ्या शेजारी कोण बसेल?

तास सुटल्यावर गाईड माझ्या बाकाशी आला. कान लालेलाल.

"तुझ्या भाचीला बघायला येऊ का गं?"

"ये की! आजच चल."

तो घुटमळला. "आज नको. मला सर्दी झालीय. तिला लागायची."