तांब्याच्या नळीच्या पोटातले काटे

मी तांब्याची एक नळी आहे. हातभर लांब आणि बाहेरून आरशासारखी चकचकीत. माणसांना एवढं पुरतं. आत कोण बघतं?

माझे मालक विमा कंपनीत इतरांच्या अर्जांतल्या चुका शोधतात. स्वतःची चूक शोधायची सवय त्यांना नोकरीत लागली नाही. एके दिवशी त्यांना घरी बिअर करायची हुक्की आली. भिजवलेल्या बार्लीचा गोड रस खाली झिरपावा आणि चोथा वर राहावा, म्हणून भांड्याच्या तळाशी भोकं पाडलेली नळी बसवतात. ती मी.

मालकांनी चार व्हिडिओ पाहिले आणि ते तज्ज्ञ झाले. मला जेवणाच्या टेबलावर आडवं घालून त्यांनी ड्रिल चालवलं. माझ्याबरोबर टेबलालाही दोन भोकं पडली, पण त्यांवर लगेच फुलदाणी आली.

मालकांचे सासरे तिथेच बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं नळजोडणी केलेली. आता नजर अधू, हात थरथरतात. ते हळूच म्हणाले, की भोक पाडलं की धातूची कड आत वळते, तिचे काटे होतात, ते काढायला हवेत. मालक हसले. "बाबा, तुमचा काळ वेगळा होता."

खरंच वेगळा होता. तेव्हा काटे काढत असत.

मग रविवारी उद्घाटन झालं. गरम बार्ली माझ्यावर ओतली, भांड्याची तोटी उघडली आणि काहीच आलं नाही. टरफलं माझ्या काट्यांत अडकून बसली होती. मालकांनी तोटीला तोंड लावून फुंकर मारली. रस आला, पण त्यांच्या हनुवटीवर. "पहिल्यांदा असंच होतं," त्यांनी भाजलेल्या ओठांनी जाहीर केलं.

काडीने टोचून टोचून शेवटी वाटीभर रस निघाला. पहिला घोट बायकोला देण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. तिने घोट घेतला आणि जिभेला हात लावला. बोटावर रक्त होतं आणि माझा एक बारीक काटा.

मला लाज वाटली. वाढवले मालकांनी, पण काटे शेवटी माझेच.

तिने तो काटा नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. "हे व्हिडिओत होतं का?"

दोन दिवस मालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला पाठीमागे लपवून सासऱ्यांच्या खोलीत गेले, जणू मी नापासाचं प्रगतिपुस्तक.

"बाबा, जरा बघता का?"

आता टोमणा येणार, म्हणून मी कान टवकारले. सासऱ्यांनी माझी निराशा केली. त्यांनी तारेला कापूस गुंडाळून माझ्यातून ओढला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. "जिथे अडतो, तिथे काटा," एवढंच म्हणाले.

मग ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावला. सासऱ्यांनी ड्रिल उचललं, पण हात फारच थरथरू लागला. त्यांनी ते खाली ठेवलं. मग जावयाकडे सरकवलं.

"मी नळी धरतो, तू फिरव. जोर लावू नकोस. ब्रशला काम करू दे."

भोकांच्या कडा बारीक कानशीने घासल्या, मला पाण्याने खळखळून धुतलं आणि पुन्हा कापूस ओढला. यावेळी तो अखंड आला. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आता रस सरळ वाहतो. मित्र येतात तेव्हा मालक काटे कसे काढावेत यावर व्याख्यान देतात, सगळं स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं. सासरे कोपऱ्यात बसून मान डोलावतात.

मात्र दर वेळी भांड्यात बसवण्याआधी मालक मला सासऱ्यांच्या हातात देतात. सासरे मला खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघतात. त्यांना आतलं काही दिसत नाही. मला ठाऊक आहे, मालकांनाही ठाऊक आहे.

"साफ आहे," ते म्हणतात.

"बरं, बाबा," मालक म्हणतात आणि तेवढ्यावर गप्प बसतात. एवढ्या बोलक्या माणसाला ते किती जड जात असेल! चला, पाणी तापलंय. मला निघायला हवं.