गिड्रीचं नाक

“पपा, डोळे बांधले तर या तीन बरण्यांत काय आहे ते नुसत्या वासावरून सांगाल?”

प्रश्न माझा नव्हता. रेनिटा आणि मोझेल या माझ्या मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या तोंडी घातला होता. विचारला नाहीस तर सोमवारी बँडच्या सरावाला डोक्यावर कोळंबीची टोपली घालून यायचं, अशी अट. आणि त्या मे महिन्यात मी कुठल्याही पैजेला नाही म्हणत नव्हते. वादविवादाच्या संघात निवड झाल्यापासून माझी जीभ मलाच आवरत नव्हती.

पपा मागच्या ओसरीवर कोळंबी सोलत बसले होते. शनिवार असूनही अंगात गोदामाचाच राखी शर्ट.

“माझं नाक फुकट चालत नाही, ओडेट,” ते म्हणाले.

“घाबरले बघ,” मोझेल माझ्या कानात म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

“ए चिमणे, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून हे नाक या गावावर पहारा देतंय. बांधा डोळे.”

मी भांडी पुसायचं फडकं बांधलं. पहिल्या बरणीचं झाकण उघडताच रेनिटाला ठसका लागला. “व्हिनेगर,” पपा लगेच म्हणाले. दुसरी त्यांनी हातात घेऊन सहज केल्यासारखी हलवली. “कॉफी. आणि तीसुद्धा स्वस्तातली.” आम्ही टाळ्या पिटल्या. तिसरीत डिझेल होतं. रेनिटानं ते तिच्या बाबांच्या शेडमधून आणलं होतं. बरणीला इतका उग्र वास होता की मी दोन पावलं मागे उभी होते.

पपांनी ती नाकाशी धरली. हलवली. थांबले.

“पाणी,” ते म्हणाले. “लबाड पोरींनो, मला फसवायला पाणी आणलंत होय?” आणि त्यांनी बरणी ओठांना लावली.

ममा दारात होती. ती दोन ढांगांत आली आणि तिनं बरणीवर असा फटका मारला की डिझेल ओसरीभर सांडलं.

“मस्करी पुरे, आल्सिड!”

पपांनी डोळ्यांवरचं फडकं काढलं. ओल्या फळ्यांकडे क्षणभर पाहिलं. मग खो खो हसले. “कशी जिरवली तुमची?” पोरी किंचाळत हसल्या. “गिड्रीकाका, तुम्ही ठार वेडे आहात,” रेनिटा म्हणाली. मीही हसले. मग माझं लक्ष ममाकडे गेलं. त्याच फडक्यानं ती पपांचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत होती.

आमच्या पोर्ट आर्थरमध्ये पपांना नावानं कमी आणि नाकानं जास्त ओळखत. बंदराजवळच्या एका गोदामात ते तेवीस वर्षं माल तपासून ट्रकवर चढवायचं काम करत होते. आम्लं, विरंजकं, रंग उतरवायची द्रावणं, कीटकनाशकं. कुठलं पिंप कुठल्या पिंपाशेजारी ठेवायचं नाही, कुठल्या बुचाला हवा जायला भोक लागतं, धोक्याची कुठली चौकोनी पाटी ट्रेलरच्या कुठल्या बाजूला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शाळा त्यांनी नववीत सोडली होती, पण नवे शिकलेले साहेबसुद्धा “जरा गिड्रीला विचारा” म्हणत.

शेवटचा विधी मात्र फक्त त्यांचाच. माल भरून झाला की ट्रेलरची दारं दहा मिनिटं बंद ठेवायची. बाकी सगळे दहा पावलं मागे, वारा येतो त्या बाजूला. मग पपा एकटे पुढे जाऊन दाराची हातभर फट उघडत आणि वास घेत. थेंबभर काही गळत असलं तरी त्यांना कळायचं. नियमाप्रमाणे हे काम हवेतला वायू मोजणाऱ्या मीटरचं. पण मीटर मार्चमध्ये दुरुस्तीला गेलेलं होतं आणि कुणालाच त्याची घाई नव्हती. गिड्रीचं नाक होतं ना.

त्या शनिवारी संध्याकाळी पपा गंबोसाठी, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या दाट रश्श्यासाठी, तेलात पीठ भाजत होते. हे त्यांचं खास काम. पीठ तपकिरी होऊन त्याला खमंग वास सुटला, की त्याच क्षणी कांदा टाकायचा. मी दारात उभी होते. पीठ काळं झालं, धूर निघाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पपा शांतपणे ढवळत राहिले.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

त्यांनी चूल बंद केली. वळले नाहीत.

“दोन वर्षं. त्या तापात वास यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाला, येईल परत.”

“गोदामात माहितीये?”

“गोदामात,” ते म्हणाले, “माझ्याकडे दुसरं काय आहे पोरी? फोर्कलिफ्ट कुणीही चालवतं. पाट्या कुणीही चिकटवतं.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, मला ते पटलं. नाक गेल्यापासून ते पूर्वीच्या दुप्पट काळजी घेत होते. प्रत्येक पिंपाखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, तासाभरानं काढून उजेडात धरायचा. डाग दिसला की पिंप बाजूला. प्रत्येक बूच हातानं फिरवून बघायचं. पत्र्याच्या शिवणीवरून बोट फिरवायचं. “दोन वर्षांत एक पिंप परत आलेलं नाही,” ते म्हणाले. “दाराशी उभं राहून श्वास घेतो तो बाकीच्यांसाठी. त्यांना सवय आहे.”

“कुणाला सांगू नकोस,” माझ्यामागे येऊन उभी राहिलेली ममा म्हणाली. मी मान डोलावली.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला गोदामात गेले, तेव्हा तो विधी मी पहिल्यांदा बघितला. दहा मिनिटं कुणी बोलत नव्हतं. पपांनी टोपी काढली, फट उघडली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. चर्चमध्ये दिसतात तसे दिसत होते. “जाऊ दे,” ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.

ट्रकचे ड्रायव्हर होते ऑरव्हिलकाका, रेनिटाचे बाबा. पपांचे शाळेपासूनचे मित्र.

“बघितलंस ओडेट?” ते केबिनमध्ये चढता चढता म्हणाले. “लोक निघताना देवाचं नाव घेतात. मी तुझ्या बापाचं घेतो. त्यानं जाऊ दे म्हटलं की माझ्या मनात किंतु नाही.”

“त्याच्या नादी लागू नकोस,” पपा म्हणाले, “तो माझे मासेमारीचे दोन गळ देणं लागतो.”

“तुझ्या थडग्यावर ठेवीन ते!”

सगळे हसले. मी तिथेच होते, काकांपासून पाच हातांवर. शब्दांची मला कधी वाण पडत नसे. त्या दिवशी मी डबा दिला, सायकलवर बसले आणि घरी आले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरव्हिलकाका रंग उतरवायच्या द्रावणाची चाळीस पिंपं घेऊन निघाले. दुपारी वाटेतल्या एका ट्रकतळावर त्यांनी गाडी उभी केली. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. ट्रेलरमध्ये काहीतरी सरकल्याचा आवाज आला असावा. ते मागचं दार उघडून पिंपं बांधलेला पट्टा आवळायला आत चढले. तासाभरानं दुसऱ्या एका ड्रायव्हरला ते पिंपांच्या मधे गुडघ्यावर बसलेले सापडले. हातात पट्टा होता, श्वास थांबलेला.

एका पिंपाची तळाची शिवण केसाएवढी उकललेली होती, आणि बंद ट्रेलरभर द्रावणाची वाफ कोंडली होती.

पपा त्या दिवशी घरी आले ते गाडीतून उतरलेच नाहीत. शेवटी मीच जाऊन दार उघडलं.

“ते द्रावण डाग ठेवत नाही,” ते समोर बघत म्हणाले. “ओलं होतं आणि उडून जातं. पुठ्ठा कोरडाच्या कोरडा. मला सुचलंच नाही. वास मात्र असतो त्याला. गोडसर. पूर्वी मला तो रस्त्यापलीकडून यायचा.”

मग त्यांनी किल्ली काढली आणि ते घरात गेले.

गोदामाच्या अहवालात लिहिलं होतं की पट्टे सैल होते, आणि चालक तोंडाला मुखवटा न लावता बंद ट्रेलरमध्ये शिरला. माल निघताना निर्दोष होता. सोबत आल्सिड गिड्री यांची सही जोडली आहे.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात जेवण होतं. ममानं मोठं पातेलं भरून गंबो नेला होता. पपा रांगेत माझ्या पुढे उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा क्लॉडीनकाकूंनी, ऑरव्हिलकाकांच्या बायकोनं, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“गोदामातले लोक म्हणाले तेव्हा माझा विश्वास नव्हता बसला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, माझा नवरा असा निष्काळजी नाही. पण मग कळलं की गाडी तू तपासली होतीस. तू तपासलीस म्हणजे गाडी ठीकच असणार. म्हणजे चूक त्याचीच. हो ना, आल्सिड?”

पपांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या कानशिलावरची शीर मला मागून दिसत होती. मागची रांग थांबली होती, कुणीतरी खोकलं.

“चांगला माणूस होता,” पपा म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि त्यांचा हात सोडला. पपांनी त्या दिवशी ताट वाढून घेतलं, आणि ते तसंच हातात धरून भिंतीशी उभे राहिले, लोक निघून जाईपर्यंत.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. रेनिटा आमच्या टेबलावर जेवायला बसायची, पण बोलायची नाही. एके दिवशी मोझेल उठून गेल्यावर ती म्हणाली, “आमच्या घरात आता बाबांचं नाव निघत नाही. ममा म्हणते, त्याला घाई होती, नेहमीसारखी. म्हणते, जरा अक्कल वापरली असती तर आज इथे असता. मेलेल्या माणसाशी भांडते गं ती. रोज.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि मलापण आता तसंच वाटायला लागलंय. रागच येतो त्यांचा.”

मी तिला माझ्या डब्यातलं संत्रं दिलं. ते तिनं सोललं आणि तसंच ठेवून दिलं.

काल रविवार होता. चर्चमधून येऊन आम्ही जेवायला बसलो. मंगळवारी सरकारी तपासनीस गोदामात येणार होता, पपांशी बोलायला.

“काय सांगणार?” मी विचारलं.

“कागदावर आहे तेच.” पपा ताटात बघत होते. दोन महिन्यांत त्यांचा शर्ट त्यांना मोठा व्हायला लागला होता.

“कागदावर खोटं आहे.”

“ओडेट,” ममा म्हणाली, “जेव.”

“ममा, काकू रोज त्यांना शिव्या घालतात. रेनिटा—”

“आणि खरं सांगितलं तर ऑरव्हिल उठून येणार आहे?” ममाचा आवाज चढला. “येणार असेल तर मी स्वतः सांगायला जाते. आत्ता जाते, चपला न घालता जाते! नाही ना येणार? मग हा एक जिवंत माणूस तरी राहू दे मला. तू बघतेस ना याच्याकडे? याच्यात अजून एक धक्का सोसायची ताकद दिसते तुला?”

मी पपांकडे पाहिलं. दिसत नव्हती. अडचण तर हीच होती. माझ्याजवळ मुद्दे होते, ओळीनं लावलेले, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर एकही सुचेना.

“पपा, तुम्ही काकांना कधीच सांगितलं नाहीत? इतक्या वर्षांचे मित्र?”

“रोज ठरवायचो,” ते म्हणाले. “मग तो केबिनमधून हात करायचा.” त्यांनी काटा खाली ठेवला. “त्यानं हसावं असं नव्हतं मला वाटत. पण तो हसला नसता. ते आता कळतं. म्हणाला असता, जा गाढवा, मीटर मागव.”

ममानं पपांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. बाहेर शेजारचं पोर सायकलची घंटी वाजवत गेलं. पपा माझ्याकडे बघत होते. गप्प बस असं त्यांची नजर म्हणत नव्हती, आणि बोल असंही नाही. ती नजर नुसतीच थकलेली होती.

मी उठले. ताट धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. मग टेबलाशी परत आले, कारण दारातून सांगून पळून जायचं नव्हतं.

“मंगळवारी त्या माणसाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पपा. मी त्याच्याकडे जाणार नाही,” मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. “मी क्लॉडीनकाकूंकडे चाललेय. ऑरव्हिलकाकांचा गाडीवर भरवसा होता आणि तो ठेवण्यात त्यांची काही चूक नव्हती, एवढं काकूंना आणि रेनिटाला सांगणार आहे. आणि तुमचं नाक गेलंय हे मे महिन्यापासून मला माहीत होतं, हेही.”