शास्त्रीबुवांनी दूध सोडले त्याची कारणे

शके अठराशे पासष्टच्या मार्गशीर्षात भिसेगावच्या नीळकंठशास्त्र्यांनी दूध, दही, ताक आणि तूप यांचा त्याग केला. ज्यांच्या वरणभातावर तूप वाढताना यजमानिणींचा हात दुखून येई, त्यांनी तो करावा याचे गावाला नवल वाटले. खुद्द शास्त्रीबुवांना तर गावाहूनही अधिक वाटले.

घडले होते ते असे. पंचामृताचे दूध आणावयास ते सकाळी मालोजी शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले होते. मालोजीच्या म्हशीचे रेडकू आठवड्यामागे दगावले होते. त्याच्या कातड्यात पेंढा भरून मालोजीच्या बायकोने, सोनाबाईने, ते म्हशीपुढे धरले होते. म्हैस त्या पेंढ्याला जिवाच्या आकांताने चाटत होती, पान्हा सोडत होती आणि मालोजी धार काढत होता. शास्त्रीबुवा रिकामा तांब्या घेऊन परतले. साठ वर्षांच्या वेदान्ताने जे पाणी डोळ्यांत आणले नाही, ते एका म्हशीने आणले, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

लाज झाकायला कारणे हवीत, आणि कारणांचा त्यांच्याकडे तोटा नव्हता. वैद्यांना त्यांनी कफप्रकोप सांगितला. देवळात अहिंसेवर दीड तास निरूपण केले आणि श्रोत्यांच्या मुद्रेवरील आदर पाहून स्वतःच सद्गदित झाले. पत्नीला, विमलबाईंना, व्रत असल्याचे सांगितले.

"व्रत खुशाल करावं," विमलबाई म्हणाल्या, "पण तुपाच्या बरणीकडे असं सुतकी तोंड करून बघू नये."

एकाच गोष्टीची इतकी कारणे ऐकून गावाने आपले एक शोधून काढले. शास्त्र्यांनी मालोजीचे दूध बंद केले, त्या अर्थी त्या दुधातच काही खोट असली पाहिजे. प्रथम धाकलू म्हाताऱ्याने रतीब तोडला. मग एकामागून एक आणखी चार घरांनी. शास्त्रीबुवांच्या कानी हे आले तेव्हा ते अहिंसेच्या दुसऱ्या निरूपणाची तयारी करीत होते.

पौषात मालोजीने सत्यनारायण घातला. पूजा शास्त्रीबुवांनीच सांगितली. तीर्थाची वेळ आली तेव्हा मालोजी पंचामृताची वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसला. सारी ओसरी पाहू लागली.

"शास्त्रीबाबा, तुमी घेतलंत तर लोकं परत येतील," तो हळूच म्हणाला. "नाय घेतलंत तर माज्या गोठ्याला जल्माचा डाग."

शास्त्रीबुवांनी तळहात पुढे केला. पळीभर पंचामृत त्यावर पडले. हात मात्र तोंडाकडे जाईना. एक घोट घ्यावा, मालोजीचीही अब्रू राहील आणि आपलीही राहील, असे त्यांच्या मनात आले. मग एखादा सोयीचा श्लोक आठवतो का, तेही त्यांनी पाहून घेतले. नेमका त्या दिवशी एकही आठवेना.

"मालोजी, दुधात खोट नाही," ते अखेर म्हणाले. "खोट माझ्या बोलण्यात. कफ नाही, व्रत नाही, काही नाही. तुझी म्हैस पेंढ्याला चाटताना पाहिली आणि मला रडू आलं. तेव्हापासून दूध घशाखाली उतरत नाही."

मग धाकलू खदखदून हसला. "आयला, म्हशीपायी व्हय! आमी समजलो, वेदातलं कायतरी असंल!"

ओसरी हसली. शास्त्रीबुवाही हसले, जरा उशिरा. कारण वेदातले काहीतरी सांगण्याचा मोह त्यांना अजून सुटला नव्हता.

"बाबा, तुमच्या वाटचं मला द्या," धाकलू हात पुढे करून म्हणाला. शास्त्रीबुवांनी तळहातावरचे ताम्हनात सोडले आणि मालोजीने वाटीतून धाकलूला दोन पळ्या दिल्या. धाकलूने त्या भुरकल्या, मिशी पुसली. "ब्येस हाय रं मालू. उद्यापासनं माजा शेर चालू कर."

तेव्हा दारातून सोनाबाई बोलली, "मी बी नाय पीत. रेडकू ग्येलं त्या दिसापासनं."

"तू?" मालोजी चमकला. "मला नाय बोललीस कदी?"

"तुमी इचारलं कवा? आन् मला काय त्याचं कीर्तन करायचं हुतं व्हय?"

शास्त्रीबुवांची मान आपोआप खाली गेली. ते कातडे रोज सकाळी जिने आपल्या हातांनी धरले, तिने एक शब्द उच्चारला नव्हता.

प्रसादाचा शिरा तुपात थबथबलेला होता. सोनाबाई आत गेली आणि पानावर खोबरे नि गूळ घेऊन आली. "ह्ये माज्यापुरतं ठेवलं हुतं. निम्मं घ्या."

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात पुढे करून ते घेतले. करुणेविषयी एक सुंदर वाक्य त्यांच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी खोबऱ्याबरोबर चावून गिळून टाकले.