संदेष्ट्याच्या खुर्चीत पाववाला

मी खुर्ची बोलतेय. हसू नका. आजवर इतक्या खुर्च्यांवर बसलात, त्यांतल्या एकीचं तरी कधी ऐकून घेतलंत का? आणि मी काही कचेरीतली, कुणीही यावं आणि टेकावं अशी खुर्ची नव्हे. माझ्यावर बसायचा मान एकट्याचा, आणि त्याचा अजून पत्ता नाही.

मी ज्यूंच्या प्रार्थनाघरात ओट्यावर उभी असते. संदेष्टा एलियाची खुर्ची म्हणतात मला. घरात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंतेसाठी त्याला इथे आणतात, आणि त्या वेळी एलिया कुणाला न दिसता हजर असतो, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. आता पाहुणा येणार म्हटल्यावर त्याला बसायला काही नको? म्हणून मी. बाळाला क्षणभर माझ्या मांडीवर ठेवायचं आणि उचलायचं, एवढंच. आठ दिवसांहून मोठं माणूस माझ्यावर कधी बसलं नाही. यातल्या निम्म्या बाळांनी माझी गादी भिजवली आणि मोठेपणी तीच मंडळी माझ्यासमोरून दबकत चालू लागली.

माझं वय विचारू नका. आजोबा सांगायचे शंभर वर्षं, मुलानं केली दोनशे, नातवानं तीनशे. असंच चाललं तर पणतू मला महापुरातल्या नोहाच्या तारवातून उतरवेल. मी कशाला नाही म्हणू?

मला घडवणाऱ्या सुताराला मात्र मोठा पेच पडला होता. पाहुण्याचं माप कुठून आणायचं? वडीलधाऱ्यांनी सांगितलं, एलिया रानात राहायचा आणि कावळे आणून देतील ते खायचा. सुतारानं डोकं खाजवलं आणि ठरवलं, म्हणजे माणूस काडीच असणार. त्यानं माझे दोन्ही हात असे जवळजवळ बसवले की मध्ये धड मांजरही पसरून झोपू शकत नाही. मी प्रयत्न करणारी मांजरं पाहिली आहेत.

पुढे गल्लीतली आमची घरं एकेक करून दूरदेशी गेली. बाळं यायची थांबली. किल्ल्या राहिल्या वहिनींकडे. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, पण सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते. तो एक माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भावोजी, प्रार्थनाघराचे विश्वस्त. भावोजींचं म्हणणं साधं होतं: माणसं नाहीत तर दार कशाला उघडं? कुलूप लावू आणि सामान मोठ्या शहरातल्या संग्रहालयात देऊ. माझ्यासाठी तर काचेमागे जागाही धरली होती. तिथे म्हणे माझ्यावर कुणी बसणार नाही. जशी काही इथे रांग लागली होती!

वहिनी अडून बसल्या. शेवटी ठरलं असं की वहिनींनी एक कार्यक्रम करून दाखवावा. आपल्या लोकांची गोष्ट सगळ्या गल्लीला सांगावी. सभागृह भरलं तर दार उघडं राहील, दर महिन्याला कार्यक्रम होईल. नाही भरलं तर कुलूप.

वहिनींनी जुने फोटो भिंतीवर लावले, दिवे घासले, लग्नातला झगा पेटीतून काढून उन्हात टाकला. भाड्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. भावोजींनी काय आणलं? टेम्पो. थेट दारात उभा केला आणि म्हणाले, निकाल लागला की लगेच सामान भरू, उगाच दुसरी खेप कशाला.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पुढच्या दोन रांगांत आमचीच उरलीसुरली माणसं, मागे नुसतं प्लास्टिक. शेजारी फाटकापर्यंत यायचे, फलक वाचायचे आणि चप्पल घासत परत जायचे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, पण या असंही म्हटलं नव्हतं. निवृत्त मास्तर भाषणात, आमचे पूर्वज ज्यातून या किनाऱ्याला आले त्या जहाजापर्यंत पोचले होते. ते जहाज भर समुद्रातच अडकलं होतं, कारण मास्तरांचा चष्मा सापडत नव्हता. भावोजी मान वळवून रिकाम्या रांगा बघत होते. वहिनी मात्र मान वळवत नव्हत्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा पाववाला पावांचं तबक घेऊन आला. चांगला भरदार गडी. तबक ठेवलं, घाम पुसला आणि टेकायला जागा शोधू लागला. प्लास्टिकच्या खुर्च्यांनी त्याला पूर्वी दगा दिलेला, त्यांच्या वाटेला तो जाईना. अख्ख्या सभागृहात लाकडाची, दणकट आणि रिकामी अशी मी एकटी. माझ्यावर बसायचं नसतं हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाळण्यापासून माहीत, म्हणून तशी पाटी लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो ओट्यावर चढला आणि बसला.

काय सांगू! तीनशे वर्षांत (बघा, मीही सांगू लागले) पहिल्यांदा माझ्यावर माणसाचं वजन पडलं. कडाकड वाजले. सगळ्या नजरा ओट्यावर खिळल्या. मास्तरांचं जहाज आता खरंच बुडालं.

भावोजी ताडकन उठले. "वहिनी, उठवा त्याला."

वहिनींनी पाववाल्याकडे पाहिलं. बिचारा सगळ्यांकडे बघून हसत होता. चारचौघांत उठवलं असतं तर तो पुन्हा या दारात आला नसता, आणि त्याच्यामागून गल्लीतलं कुणीच आलं नसतं.

"बसू दे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं ही खुर्ची आपण कुणासाठी रिकामी ठेवली? तो कुठल्या वेशात येईल ते आधी कळवून येणार आहे का?"

"अहो, पण हा पाव विकतो."

"मग? संदेष्ट्यानं काय विकायला हवं होतं?"

आपलं काहीतरी चुकलंय हे पाववाल्याला उमगलं. तो गडबडीनं उठायला गेला आणि त्याच्या मागोमाग मीही उठले. त्याला वाटलं तो अडकला. खरं तर मी धरून ठेवलं होतं. लाकूड दमट हवेत फुगतं असं म्हणतात, म्हणू देत. इतक्या वर्षांनी बसलेलं माणूस मी लगेच सोडते होय?

दारातून टेम्पोवाल्यानं हे पाहिलं, आणि पुढचं काम त्यानंच केलं. पाववाला खुर्चीत अडकला, अशी हाळी त्यानं चहाच्या टपरीपर्यंत दिली. बघता बघता सगळी गल्ली फाटक ओलांडून आत. शिंपी म्हणाला, पँट उसवू. कुणी म्हणालं, करवत आणा; मी घाबरून आणखी घट्ट धरलं. वहिनी तेल कोमट करायला गेल्या, तोवर माणसं भिंतीवरचे फोटो बघू लागली. एका लग्नाच्या फोटोत शिंप्याला स्वतःचे आजोबा दिसले, नवरदेवाच्या कोटाची बाही नीट करताना. तो तिथून हलेना. मग प्रत्येकजण आपापले आजोबा शोधू लागला. मास्तरांना चष्मा सापडला आणि जहाज एकदाचं किनाऱ्याला लागलं, तेव्हा मागची भिंत धरून माणसं उभी होती.

दिव्याचं तेल माझ्या हातांवर चोळलं, आणि बाटलीचं बूच निघावं तसा पाववाला सुटला. टाळ्या त्याला पडल्या. मला कुणी विचारलंही नाही.

"ही माणसं काही कार्यक्रमाला आली नव्हती," भावोजी पुटपुटले.

"सभागृह भरायचं ठरलं होतं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "कशानं भरायचं ते ठरलं नव्हतं."

मंडळी अंगणात पाव खायला गेली. भावोजी एकटे मागे राहिले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढून माझ्या हातांवरचं तेल पुसलं. मग हळूच टेकले. शिडशिडीत माणूस, मापात बसला. मी जरासुद्धा वाजले नाही.

वहिनी दारात आल्या आणि त्यांनी पाहिलं. पण पाहिलं असं दाखवलं नाही. "टेम्पोवाला विचारतोय, थांबू का जाऊ?"

भावोजी उठले नाहीत.

"जा म्हणावं," ते म्हणाले. "आणि वहिनी, एखादा पाव उरला असेल तर इकडेच द्या."

तर मी अजून इथेच आहे, ओट्यावर. दर महिन्याला गल्ली जमते, मास्तरांचं जहाज हल्ली वेळेवर पोचतं. पाटी अजून कुणी लावलेली नाही. आता माझ्यावर दोघं बसून गेले आहेत. त्यांतला एलिया कोणता, की दोघंही तोच, ते मला विचारू नका. मला कळलंय, पण मी सांगणार नाही. तुम्हीच एकदा येऊन जा. दार जड आहे, पण नुसतं ढकललं की उघडतं.