रोज एका प्रार्थनेपुरती

मी एक गाडी आहे. रंग राखाडी, वय बऱ्यापैकी झालेलं, पण चेहऱ्यावरून कुणी तसं म्हणत नाही. आज सकाळी मात्र चारचौघांसमोर माझं बॉनेट उघडं पडलं आणि मी शरमेने अर्धी झाले. माणसाला लाज वाटली तर तो निदान आत जाऊन दार लावून घेतो. मी कुठे जाणार? माझी सगळी दारं बाहेरच उघडतात.

जन्म कारखान्यातला. शोरूममध्ये कितीतरी लोकांनी माझी दारं आपटून पाहिली आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून गेले. मग एक शिंपी आला. त्याने दार आपटलं नाही, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, “कापड बरं नाही, ते आपण बघू.” घरी नेल्यावर त्याने टेप काढून माझी मापं घेतली आणि सुटाच्या उरलेल्या कापडाची कव्हरं शिवली. त्याची लेक त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही मनात बाबाच म्हणू लागले. तिची आई ती माझी आई, आणि ती स्वतः माझी ताई.

बाबांचा जीव होता माझ्यावर. जरा जास्तच. शेजारच्या काकांनी एकदा आपली गाडी मला खेटून लावली, तर बाबांनी त्यांना भर रस्त्यात सुनावलं, “माझ्या गाडीला चिकटायचं नाही.” तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. मला तेव्हा अभिमान वाटला होता. कुणी आपल्यासाठी भांडतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

मग एका सकाळी बाबांच्या हातून कात्री सुटली, आणि तोंडातून शब्द वाकडे येऊ लागले. त्यांना दवाखान्याच्या गाडीतून, आडवं करून नेलं. उजवं अंग लुळं पडलं होतं. पुढे त्यांना चालायचे आणि बोलायचे धडे देणाऱ्या मोठ्या इस्पितळात हलवलं. शब्द जुळायला लागले तेव्हा त्यांनी पहिली मोठी गोष्ट मागितली ती ही: “गेलो… झोपून. येणार… बसून. माझ्या गाडीतून.”

आईने ते व्रतासारखं धरलं. हे परत येईपर्यंत यांची गाडी एक दिवस मुकी राहू द्यायची नाही, असं ती देवासमोर बोलली. तिला चालवता येत नाही. पण गिअर मोकळा करून किल्ली कशी फिरवायची, ते बाबांनी तिला कधीतरी दाखवलं होतं.

रोज आंघोळ करून ती माझ्यात येऊन बसायची. आधी पुढचे दिवे लावायची. कुठलंही चांगलं काम दिव्याशिवाय करू नये, असं तिला वाटे. मग डोळे मिटून शांतपणे प्रार्थना. ती संपली की किल्ली. मी घुर्रकन सुरू झाले की तिचा चेहरा फुलायचा, जणू बाबांनीच आतून हाक दिली. आणि लगेच ती मला बंद करायची, कारण उभ्या गाडीत पेट्रोल जाळू नये, हा बाबांचा नियम.

ती गेली की मी मात्र मनात चडफडायची. अहो, सुरू होताना बॅटरीचा सगळा जोर लागतो. तो भरून यायला रस्त्यावर चांगलं धावावं लागतं. त्यात प्रार्थनाभर दिवे जळायचे ते वेगळेच. आई प्रेमाने रोज घागरीतून पाणी उपसत होती आणि घागर भरायला कुणी नव्हतं. तिला सांगावं तर मला एकच शब्द येतो, तोही हॉर्न दाबल्यावर. काल माझा आवाज ओढला गेला. आईला वाटलं गारठ्याने. तिने आपली शाल आणून माझ्या बॉनेटवर पांघरली. त्या शालीखाली मी जी गप्प बसले, ती गप्पच.

आज बाबांना घरी सोडणार होते. ताई त्यासाठीच परगावाहून आली होती. इस्पितळातून परिचारिकेचा फोन आला, “आजोबा केव्हाचे बूट घालून बसलेत. दुपारच्या आत खोली रिकामी करायची आहे बरं का.”

ताईने किल्ली फिरवली. मी नुसतं टिक-टिक केलं.

पुन्हा फिरवली. पुन्हा टिक-टिक. माझ्या मेलीच्या तोंडून दुसरं काही येईच ना.

“पेट्रोल?” ताई स्वतःशीच बोलली. काटा अर्ध्यावर होता. गिअर मोकळा होता. तिने हॉर्न दाबला, तर आजारी शेळीसारखं काहीतरी निघालं. दिवे लावून किल्ली फिरवली, तसा समोरच्या भिंतीवरचा उजेड पिवळा पडून विझत गेला. येणारेजाणारे थांबले. एक म्हणाला, इंजिनच गेलं. दुसरा म्हणाला, भंगारात घाला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

“बॅटरी उतरलीय,” ताई बॉनेट उघडत म्हणाली. “आई, तू रोज सुरू करत होतीस ना?”

“रोज. एकही दिवस चुकवला नाही.”

“आणि किती वेळ चालू ठेवायचीस?”

“लगेच बंद करायची गं. यांना नाही आवडत. दिवे तेवढे प्रार्थना होईपर्यंत.”

ताईने कपाळाला हात लावला. “अगं आई, त्यानेच तर उतरली. नुसती उभी ठेवली असतीस तरी परवडलं असतं.”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती पदराने माझा आरसा पुसत राहिली. स्वच्छच होता तो.

“म्हणजे माझ्या व्रतानेच बंद पडली,” ती म्हणाली.

मला ओरडून सांगायचं होतं, तुझी नाही गं चूक. मीच ऐन वेळी कच खाल्ली. एक दिवस, फक्त आजचा दिवस, मी तग धरायला हवा होता.

“मी दुसरी गाडी बोलावते,” ताई म्हणाली.

“ते बसणार नाहीत तिच्यात. इतके आठवडे त्या एका गोष्टीवर पाय उचललेत त्यांनी.” आईने पदर खोचला आणि ती काकांच्या दाराशी गेली. माझ्यापायी ज्या घराशी अबोला धरला, त्या घरासमोर तिने हात जोडलेले मला दिसले. मी काच वर करून तोंड लपवलं असतं, पण तेवढाही जोर नव्हता.

काका चपला सरकवत बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “वहिनी, दोन्ही बॅटऱ्यांना तारा जोडायच्या तर माझी गाडी हिला चिकटवून लावावी लागेल. चालेल ना?”

आई खाली बघून म्हणाली, “चिकटवा. हवी तेवढी चिकटवा.”

काकांना हसू आवरेना. ताईने गरम पाणी ओतून बॅटरीवरचा पांढरा थर काढला, काकांनी तारा जोडल्या, आणि ज्या गाडीला इतकी वर्षं मला चिकटू दिलं नव्हतं तिच्या जोरावर मी सुरू झाले.

“आता बंद करू नका, पुन्हा रुसेल,” काका म्हणाले. “आणि त्याला म्हणावं, पायऱ्या चढवायला मी आहे.”

इस्पितळाच्या दारात ताई आत गेली. आई चालकाच्या जागेवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मला राखत बसली. रखवालदार आला. “बाई, इंजिन बंद करा.”

“दादा, तुम्ही म्हणाल तिथे माझी लेक गाडी हलवेल. पण बंद नाही करणार.”

तो काय समजला कोण जाणे, बाजूला झाला.

बाबा आले. काठी, ताईचा खांदा, मागे ओढत येणारा पाय. सवयीने ते माझ्या उजव्या दाराशीच आले. तिथे आईला पाहून थांबले. मग मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत, दुसऱ्या बाजूला वळले. त्यांचा उजवा पाय ताईने उचलून आत ठेवला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आई ताईला जागा देऊन मागे जाऊन बसली, आणि निघाल्यावर तिने मागच्या सीटवरून हळूच सांगितलं, “तुमची गाडी माझ्यामुळे बंद पडली होती. शेजारच्यांनी सुरू करून दिली. त्यांच्याकडे मी गेले होते मागायला.”

बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. “मला तरी… कुठे… आपणहून… सुरू होता आलं?”

ताई आधी हसली. मग आई. मग बाबा, अर्ध्या तोंडाने.

आता आम्ही घराच्या रस्त्याला लागलोय, म्हणून हे बोलायची उसंत मिळाली. तुमच्या दाराशी माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिला नुसती पुसू नका, पांघरू नका. थोडं लांब न्या. जीव लावला की तो वापरायलाही लागतो.

घर आलं. काका पायरीशी उभे दिसतायत. बाबांची मान कधीच कलंडलीय. सुटाच्या कापडावर गाल टेकून ते गाढ झोपलेत. ताईचा हात किल्लीकडे गेला.

“थांब,” आई कुजबुजली. “त्यांना झोपू दे. हिचंही पोट भरेल. अजून एक फेरी मार.”

तिने काचेतून काकांना हात केला, आणि आम्ही दारावरून पुढे निघालो.