सरकारांसमोर राजा

पुण्याहून आलेल्या गोपाळकृष्ण मास्तरांनी आवाजाच्या शिबिरात पहिल्याच दिवशी आमच्या नाट्यमंडळातल्या सगळ्या नटांना सतरंजीवर उताणं निजवलं आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेक वीट ठेवली. वीट वर गेली की श्वास खरा, असं त्यांचं शास्त्र. जगदेवरावांच्या पोटावर मात्र कोणी वीट ठेवली नाही. दरबारातले सरदार ते. त्यांच्या पोटावर वीट ठेवणार कोण?

दरबार तर कधीच विलीन झाला होता. आता मध्य भारत राज्यही मोडून राजधानी भोपाळला चालली होती आणि तिच्यामागून आमच्या ह्यांचं, म्हणजे लक्ष्मीकांतांचं, दफ्तरही. जाण्यापूर्वी आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या रंगमंचावर एकदा राजा व्हायचं, एवढीच ह्यांची हौस. आजवर वाट्याला निरोप आणणारेच आले होते. लग्न झाल्यापासून मी ते निरोप ऐकत आले आहे, त्यामुळे हौस माझीही होती.

राजा मिळाला तो जगदेवरावांच्या औदार्यामुळे. "आता लोकांचं राज आहे," ते म्हणाले. "मला पहारेकरी करा. बस, भाला धरून उभा राहीन." हे ऐकायला सगळे उठून उभे राहिले आणि सरकारांनी बसा म्हणेपर्यंत कोणी बसलं नाही. त्यांना अजून सगळे सरकारच म्हणत.

नाटकात राजा फितूर पहारेकऱ्याला हाकलून देतो. घरी हे असे गरजायचे, की शेजारच्या विजयाबाई काय भांडण झालं म्हणून विचारायला यायच्या. तालमीत समोर जगदेवराव दिसले की आवाज आतच राहायचा. ह्यांचे वडील त्यांच्या घरी कारकून होते. त्या घरात कोणत्या सुरात बोलायचं, ते ह्यांना बाळकडूबरोबरच पाजलेलं. "चालता हो" असं निघायचं, की जणू पान घेणार का विचारताहेत.

मास्तरांनी मध चाटवला, गुणगुणायला लावलं, किल्ल्याकडे तोंड करून ओरडायला लावलं. किल्ल्यावर हे छान ओरडायचे. शेवटी मास्तर म्हणाले, "जगदेवराव, तुम्ही राजाकडे पाठ करून उभे राहा. चेहरा दिसला नाही की ह्यांना आवाज फुटेल."

जगदेवराव चिडले नाहीत, घाबरले. "गादीकडे पाठ? मास्तर, असं नाही होत. आमच्या खानदानात कोणी केली नाही."

गादी म्हणजे नई सडकवरून आणलेली जुनी खुर्ची. तिचा मोडका पाय मीच दोरीनं बांधला होता आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"शरयूबाई, खुर्ची कोणतीही असू दे," ते समजावत म्हणाले. "राजा बसला की गादी."

मास्तरांनी हात टेकले. पहिल्या अंकात आवाज पोचला नाही, तर दुसऱ्या अंकात मुकुट मंडळातल्याच महिपतरावांच्या डोक्यावर, एवढं मात्र बजावलं.

प्रयोगाला थिएटर भरलं होतं. हे गादीवर, समोर जगदेवराव. "फितुरा..." हे म्हणाले, आणि पुढचं त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असेल. मागून कोणीतरी ओरडलं, "जरा जोर से बोलो भाई!" विंगेत महिपतरावांनी केस नीट केले. जगदेवरावांना दया आली असावी. ह्यांना राजासारखं वाटावं म्हणून त्यांनी भाला खाली ठेवला आणि कमरेत वाकून, खऱ्या दरबारात करायचे तसा मुजरा केला.

हे ताडकन उठले. "नाही, सरकार! आपण माझ्यापुढे झुकू नका! माझ्या बापाला काय वाटेल?"

काय आवाज होता तो! शेवटच्या रांगेतली माणसं सरळ बसली. "ऐकलंत?" मास्तर मला म्हणाले. "पोटातून आला." मला रडू आलं, रागाचं. एवढा आवाज ह्या माणसात होता आणि तो निघाला विनवणी करायला.

लोकांना वाटलं, राजाला पहारेकऱ्याची निष्ठा कळली. टाळ्या थांबेनात. हे मात्र गादीपुढे हात जोडून उभे, नाटक पुढे सरकेना. तेव्हा वाकलेल्या जगदेवरावांनी मान वर न करता हळूच सांगितलं, "लक्ष्मीकांत, गादीवर बैस."

आमचे राजे लगेच बसले. सरकारांचा हुकूम होता.