नेलोच्या टोपड्याचा मुका

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे. शर्यतीच्या हेल्मेटानं घाबरट असावं हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण वळणावर मोटरसायकल आडवी होते आणि डांबर वीतभर अंतरावरून पळू लागतं, ते तुम्ही पाहिलं असतं तर तुमचीही दातखीळ बसली असती.

माझी भीती कारखान्यातच सुरू झाली. आमचं कवच धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून करतात आणि आत टणक फेसाचं अस्तर बसवतात. आम्ही सगळी भावंडं फळीवर ओळीनं बसलो होतो. एक माणूस आला, त्यानं न बघताच माझ्या शेजारच्याला उचललं, त्याच्यात एक लोखंडी डोकं बसवलं आणि उंचावरून ऐरणीवर आपटलं. शेजारी आतून फुटला, पण लोखंडी डोक्याला धक्का लागला नाही. लोक खूश झाले, आम्हाला सगळ्यांना चांगलं म्हणाले आणि शेजाऱ्याला कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

तेव्हा मला कळलं की आमचं आयुष्य एका आपटीचं असतं. डोक्याच्या वाट्याचा मार आपण खायचा, तोही एकदाच. त्यानंतर बाहेरून कितीही धड दिसलो तरी आतून आम्ही संपलेले असतो. हे ज्याला ठाऊक आहे त्यानं घाबरू नये तर काय करावं?

मला गडद नारिंगी रंग दिला, डोक्यावर एक हिरवं पान काढलं आणि नेलो बोरोनातच्या हवाली केलं. नेलो व्हॅलेन्सियाकडचा, बेनिफोर गावचा. गावाभोवती संत्र्यांच्या बागा, म्हणून मीही संत्रं झालो. संत्री भरण्याच्या गोदामासमोरच्या अंगणात तो लहानपणी गुडघ्याएवढी मोटरसायकल चालवायला शिकला. वडील, बातिस्त, भाजीच्या गाडीत ती मोटरसायकल घालून त्याला गावोगावच्या शर्यतींना न्यायचे. आई रेमे त्याच्या चामडी पोशाखाच्या गुडघ्यांना ठिगळं लावायची. वडील गेले तेव्हा नेलो नुकता मोठ्या शर्यतींत आला होता.

हे सगळं मला कसं कळलं? अहो, डोक्याला चिकटून राहणाऱ्यापासून काय लपतं! जगाला नेलोची फक्त पाठ दिसायची, कारण तो सगळ्यांच्या पुढे असायचा. मला त्याचा श्वास ऐकू यायचा. आणि एक गुपित फक्त मला ठाऊक होतं. तोही माझ्यासारखाच भित्रा होता. सुरुवातीच्या रेषेवर काच खाली ओढली की तो स्वतःशीच पुटपुटायचा, "भीती आहे?" मग थोडा थांबून स्वतःच उत्तर द्यायचा, "आहे." तेवढं झालं की तो निघायचा. वडिलांनी त्याला हे शिकवलं होतं. ज्या दिवशी उत्तर "नाही" येईल त्या दिवशी गाडीवर बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्याच वर्षी आम्ही दोघं घाबरत घाबरत जगज्जेते झालो. बेनिफोरमध्ये मिरवणूक निघाली, गोदामाच्या बायकांनी मला हातोहात फिरवलं, एका म्हातारबुवांनी माझ्यावर खरोखरीचं पान खोचलं. कौतुक झालं, नाही म्हणत नाही. मलाही ते आवडलं.

त्यानंतर नेलोनं मला इतर हेल्मेटांसारखं वापरून टाकलं नाही. मी त्याचं नशिबाचं हेल्मेट ठरलो. हंगामाची पहिली शर्यत आणि शेवटची शर्यत, एवढ्यांनाच मी डोक्यावर चढायचो. एरवी मी रेमेच्या जेवणघरातल्या कपाटावर बसायचो. ती मला "नेलोचं टोपडं" म्हणायची आणि रोज पुसायची. शेवटच्या शर्यतीआधी ती मला टोपलीत घालून टेकडीवरच्या मारियामातेच्या छोट्या प्रार्थनाघरात न्यायची, पायाशी ठेवायची, पाद्रीबाबांकडून पाण्याचे चार थेंब शिंपडून घ्यायची आणि परत आणायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी नेलो पुन्हा विजेतेपदाच्या अगदी दाराशी होता. शेवटची शर्यत व्हॅलेन्सियालाच, घरच्या लोकांसमोर. तीत तो पहिल्या तिघांत आला असता तर पुन्हा जगज्जेता झाला असता. शर्यतीच्या आठवड्यात रेमे मला घेऊन टेकडी चढली. पाणी शिंपडून झालं. आम्ही बाहेर आलो तर खाली, पायथ्याच्या चर्चसमोर, एका लग्नाचं वऱ्हाड उभं. आमच्याकडे नवरानवरी बाहेर पडली की फटाक्यांची माळ लावतात, आणि ती जितकी कानठळ्या बसवेल तितकं लग्न चांगलं. माळ धडाडली. रेमे दचकली, टोपलीचा कान तिच्या हातून सुटला आणि मी दगडी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलो.

सगळ्यात खालच्या पायरीच्या धारेवर माझी उजवी बाजू आपटली. आतले थर एकमेकांपासून सुटले ते मला जाणवलं. बाहेर एक ओरखडा तेवढा उठला.

रेमे धावत खाली आली. तिनं मला उचललं, फुंकर मारली आणि ओरखड्यावर मुका घेतला. आमच्याकडे हातून पाव पडला तर तो तसाच उचलून ताटात ठेवत नाहीत. अन्न आहे ते. त्याचा मुका घ्यायचा, मग ठेवायचा. तसं केलं की पडल्याचा दोष उरत नाही. रेमेला तिच्या आईनं हे शिकवलेलं. तिनं माझाही दोष असाच फेडून टाकला. "झालं हं, काही नाही झालं," असं मला म्हणाली आणि इकडेतिकडे बघून पदरासारखा एप्रनचा कोपरा माझ्यावर ओढला. घरी जाऊन ओरखड्यावर नारिंगी नेलपॉलिश लावलं. आणि नेलोला काही सांगितलं नाही.

मित्रांनो, तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इतके दिवस मी मला काय होईल म्हणून घाबरत होतो. आता माझ्यामुळे नेलोला काय होईल म्हणून घाबरू लागलो. रेमे मला पुसायची, दिवा लावायची, माझ्याकडे बघून हात जोडायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई, हात जोडू नकोस, फोन कर. पण मला तोंड कुठे होतं? काच तेवढी होती, तीही दुसऱ्या कुणीतरी उघडायची.

सरावाला नेलोनं नेहमीप्रमाणे दुसरी हेल्मेटं वापरली. रविवारी सकाळी मला कापडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बाहेर माणसांचा समुद्र, भोंगे, झेंडे. आत आमच्या गाडीघरात तिघंच होती. नेलो, रेमे आणि फेर्मीन. फेर्मीन म्हणजे बातिस्तचा जुना दोस्त आणि नेलोचा मुख्य मेकॅनिक, अंगानं चांगला भरलेला.

रेमेनं कापडात बांधून आणलेला पाव सोडला. आत बटाट्याचं ऑम्लेट होतं.

"शर्यतीच्या दिवशी मला खाणं जात नाही, आई."

"जात नाही म्हणे. दोन घास खा. रिकाम्या पोटी वाऱ्यानं उडून जाशील."

"ते इकडे दे, रेमे," फेर्मीन म्हणाला. "मला उडायची मुळीच इच्छा नाही."

"तुला उडवायला वादळ लागेल, तू गप बस."

नेलोनं पाव उचलला. त्यानं दातांनी घास तोडला. तुकडा खाली पडला. रेमे लगेच वाकली, तुकडा उचलला, मुका घेतला आणि ताटात ठेवला.

"झालं हिचं सुरू," नेलो हसला. "आमच्या घरात झाडू लागतच नाही, फेर्मीन. पडेल त्याचा आई मुका घेते."

"पाव आहे तो. घ्यावाच लागतो."

"आणि मी पडलो की?"

"तुझ्या टोपड्याचा घेतला, तर तुझा नाही का घेणार?"

बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. ती ताट पुसायला लागली, जे स्वच्छच होतं.

नेलोनं घास चावायचा थांबवला. "टोपड्याचा कधी घेतलास?"

"असाच. धूळ पुसताना."

"आई."

"अरे, त्या लग्नवाल्यांनी माळ लावली, मी दचकले, टोपली सुटली. पण रिकामंच होतं ना ते. तू कुठे आत होतास? आणि मी लगेच उचललं."

नेलोनं मला कानाशी धरलं आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. डावीकडे मी ठणठणीत वाजलो. उजवीकडून बद्द आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला. फेर्मीननं कपाटातून एक पांढरं, बिनरंगाचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

मी सुटकेचा श्वास सोडणार होतो. तेवढ्यात नेलो म्हणाला, "ह्याच्याशिवाय मी शेवटची शर्यत कधी काढलेली नाही."

"कारण दुसरं कधी घातलंच नाहीस," फेर्मीन म्हणाला.

"एकच बाजू गेलीय. उजवीकडे पडलो नाही म्हणजे झालं."

"अस्सं? डांबराला सांगून ठेवू का, की आज डावीकडून ये म्हणून?"

पण नेलोनं ऐकलं नाही. त्यानं मला डोक्यावर चढवलं. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं भयंकर काही घडलेलं नाही. ज्या डोक्यासाठी मी जन्मलो ते डोकं माझ्यात होतं, आणि मी त्याला फसवत होतो.

रेमे उठली. तिनं त्याच्या हनुवटीखालचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला.

"काढ."

"आई, वेळ झालीय."

"काढ म्हणते. चूक माझी आहे. तू घाबरशील म्हणून मी बोलले नाही."

 आत नेलोचं पुटपुटणं मला ऐकू आलं. "भीती आहे?"  त्याचा घाम माझ्या अस्तरात झिरपत होता. शेवटी तो म्हणाला, "आहे."

त्यानं मला काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "घाबरू द्यायचं होतंस ना मला. घाबरतो म्हणून तर आजवर घरी येतोय." पांढरं हेल्मेट उचलून तो निघून गेला.

ती शर्यत मी रेमेच्या मांडीवरून पडद्यावर पाहिली. नेलो तिसरा होता, तेवढं पुरेसं होतं. शेवट जवळ आला असताना त्याच्या पुढच्याचं मागचं चाक घसरलं. नेलोला वाट उरली नाही. तो हवेत फेकला गेला आणि डोक्यावर पडला. उजव्या बाजूला. रेमेची नखं माझ्या अस्तरात रुतली. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती "ऊठ, ऊठ" म्हणत राहिली. नेलो गुडघ्यांवर उठला. मग त्यानं हात वर केला.

विजेतेपद एका इटालियन पोराला मिळालं. रेमेनं ते कुणाला मिळालं हे विचारलंसुद्धा नाही. फेर्मीननं ते पांढरं हेल्मेट आणून माझ्याशेजारी ठेवलं. उजवीकडे, माझ्या नेलपॉलिशच्या ठिपक्याची जिथे जागा आहे, तिथेच त्याला मार बसला होता. आत बोट जाईल एवढी खोक पडली होती. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

नेलो पुढे आणखी एकदा जगज्जेता झाला, दुसरीच हेल्मेटं घालून. आता त्यानं शर्यती सोडल्या आहेत. गोदामासमोरच्या अंगणात तो गावातल्या पोरींना आणि पोरांना मोटरसायकल शिकवतो, आणि सगळ्यांत आधी घाबरायला शिकवतो. मी टेकडीवरच्या प्रार्थनाघरात एका खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या एका बाजूला पाय बरा झाल्यावर कुणीतरी नवस म्हणून वाहिलेला मेणाचा पाय आहे, दुसऱ्या बाजूला कुबडी. रंग उडाला, पान पुसट झालं, पुसायला आता कुणी येत नाही, रेमेला चढ झेपत नाही. खाली लग्नाची माळ लागली की मी अजूनही खिळ्यावर थरथरतो.

मित्रांनो, वस्तू हातून पडतात. तुमच्या हातूनही पडतील. पडली तर उचला, फुंकर मारा, वाटलं तर मुकाही घ्या, प्रेम आहे ते. पण मग जाऊन सांगा. ज्याचं डोकं त्या वस्तूत जायचं आहे त्याला सांगा. तो घाबरेल, तर घाबरू द्या. मी सांगू शकत नाही, मी मुका आहे. तुम्ही नाही.